ऑडिट नाही, म्हणून टीडीएसही नाही? सोलापुरातल्या एका गणवेश कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात गणवेशाचा धंदा करणाऱ्याला मार्च ते जून मान वर करायला वेळ नसतो. शाळांच्या ऑर्डरी, कापडाची ठाणं, कटिंग, शिलाई, काज-बटण, प्रेस, गठ्ठे बांधून टेम्पोत. शाळा भरल्या की मग उधारी, बँक आणि कागदपत्रं. या कारखान्याचे मालक असलेले दोघे भाऊसुद्धा शाळा उघडल्यावरच, १९ जून २०२४ ला, माझ्याकडे, म्हणजे करसल्लागाराकडे, आले. काम साधं होतं: बँकेतली कॅश क्रेडिटची (धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाची) मर्यादा वाढवायची होती आणि त्यासाठी २०२३-२४ चं आयकराचं विवरणपत्र लवकर भरायचं होतं.

थोरले भाऊ वीस वर्षं एकट्याच्या नावावर धंदा करत होते. २०२२-२३ मध्ये त्यांची उलाढाल ८४ लाखांची होती. १ एप्रिल २०२३ पासून धाकट्यालाही कागदोपत्री घेतलं आणि भागीदारी संस्था झाली. करारनामा झाला, नवं पॅन आलं, जीएसटी क्रमांक बदलला, चालू खातं उघडलं. पहिल्याच वर्षी उलाढाल १ कोटी ३६ लाखांवर गेली. आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली ठोक दराने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने, नफा दाखवायचा, ऑडिट नाही, असं आधीच्या हिशेबनिसाने सांगून ठेवलं होतं, आणि ते बरोबरही होतं.

कारखान्याच्या जागेत सहाच माणसं. बाकी सगळं काम बाहेर. एम्ब्रॉयडरीवाला शाळेचे बिल्ले त्याच्या मशीनवर काढून देतो. शिलाईचं बरंचसं काम विडी घरकुल वसाहतीच्या बाजूच्या बायका घरी करतात. त्यातल्या दोघीजणी म्होरक्या: कापलेला माल मोजून नेतात, आपल्या ओळखीच्या बायकांत वाटतात, शिवून आलेला माल तपासून परत आणतात आणि आठवड्याचे पैसे एकरकमी नेऊन पुढे वाटतात. पहिलीला सगळे अक्का म्हणतात. मीही पुढे तेच म्हणतो.

अडचण

खतावणीत ‘मजुरी’ नावाचं एकच खातं होतं. मी धाकट्या भावाला म्हटलं, हे माणसागणिक फोडून आणा. दोन दिवसांनी तो एक फुगलेली फाईल घेऊन आला. पिवळ्या पावत्या, काहींवर अंगठे, आणि अक्काची एक शंभरपानी वही. वहीत रकाने पाडलेले: तारीख, बाईचं नाव, शर्ट किती, पँट किती, स्कर्ट किती, दर, एकूण, आणि शेवटी पैसे मिळाल्याची त्या त्या बाईची सही. कारखान्याच्या संगणकात जे नव्हतं ते त्या वहीत होतं.

माणसागणिक वर्षाचं चित्र असं निघालं. एम्ब्रॉयडरीवाला ६,४०,०००. अक्का ९,२०,०००. दुसरी म्होरकी ४,७५,०००. काज-बटणवाला १,४२,०००. टेम्पोवाला १,८५,०००. ऑगस्टपासून कामाला लागलेला प्रेसवाला १,१८,०००. कॅटलॉगसाठी फोटो काढणारा ४२,०००, तेही एकाच बिलात. याशिवाय थेट पैसे नेणाऱ्या अकरा बायका, पण त्यांतल्या कुणाचीच बेरीज वर्षात लाखावर गेली नव्हती आणि कुठलंच बिल तीस हजारांपर्यंत पोचलं नव्हतं. आणि एक कटिंग मास्टर, महिना २२,००० वर.

मी विचारलं, “टीडीएस कापला का?” म्हणजे, पैसे देतानाच त्यांतून कर कापून सरकारकडे भरला का.

थोरले म्हणाले, “आपलं ऑडिट कुठं असतंय साहेब? टीडीएस ऑडिटवाल्यांना.”

हा समज मी सोलापुरात निदान शंभर वेळा ऐकला असेल, आणि तो आला कुठून तेही मला ठाऊक आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला आदल्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तरच कंत्राटदारांच्या पैशातून कर कापावा लागतो. व्यावसायिकांना ही मर्यादा ५० लाखांची आहे. पूर्वी कायद्यात हे ‘ज्यांना ऑडिट लागू’ अशा शब्दांत होतं. २०२० मध्ये ऑडिटची मर्यादा काहींसाठी वाढवली तेव्हा टीडीएसच्या कलमांत एक कोटी आणि ५० लाख हे आकडे वेगळे लिहिले गेले, आणि दोन्हींचा संबंध तुटला. लोकांच्या डोक्यात मात्र तो तसाच राहिला.

इथे तर त्या एक कोटीचाही प्रश्न नव्हता. भागीदारी संस्थेला उलाढालीची कुठलीच सूट नाही. करारनाम्यावर सह्या झाल्या त्या दिवसापासून कर कापण्याची जबाबदारी सुरू. थोरल्यांनी २०२३-२४ मध्ये एकट्याच्या नावावरच धंदा केला असता तर आदल्या वर्षीचे ८४ लाख बघून त्यांना एक पैसा कापावा लागला नसता. नुसता धंद्याचा कागद बदलला आणि जबाबदारी आली. पॅन, जीएसटी, बँक सगळीकडे नवं नाव लागलं, पण कर कापण्यासाठी जो टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो तो काढायला कुणी सांगितलं नाही.

ऑडिट असतं तर ऑडिटरच्या अहवालात टीडीएसचा रकाना असतो, प्रश्न वर्षअखेरीला तरी पुढे आला असता. ठोक नफ्याच्या वाटेवर तो विचारणारं कुणीच नसतं.

कोण कंत्राटदार, कोण नोकर

आकडेमोडीच्या आधी हे ठरवायला हवं होतं आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

शिलाईवाल्यांना कापड कारखाना देतो, माप कारखाना देतो, त्या शिवून आणतात. गिऱ्हाइकाने दिलेल्या मालावर त्याच्या सांगण्याप्रमाणे काम करणं म्हणजे कलम १९४सी मधलं ‘काम’. एका वेळी ३०,००० च्या वर किंवा वर्षात मिळून एक लाखाच्या वर रक्कम गेली की एकट्या व्यक्तीसाठी १ टक्का टीडीएस. हेच लोक स्वतःचं कापड घेऊन तयार शर्ट विकत असते तर ती खरेदी ठरली असती आणि हे कलम लागलं नसतं.

फोटोवाल्याचं जरा वेगळं. जाहिरात संस्थेने छायाचित्रकाराला दिलेले पैसे व्यावसायिक शुल्कात धरावेत असं प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९५ चं ७१५ क्रमांकाचं परिपत्रक सांगतं. आपला कारखाना जाहिरात संस्था नव्हे, म्हणून १ टक्क्याचा युक्तिवाद करता आला असता. रक्कम लहान होती, वाद कशाला ओढवायचा म्हणून आम्ही व्यावसायिक शुल्काच्या कलम १९४जे खाली १० टक्के धरले. त्या वर्षी या कलमाची मर्यादा ३०,००० होती, बिल ४२,००० चं.

कटिंग मास्टरवर मात्र दोघा भावांशी माझी खडाजंगी झाली. धाकट्याचं म्हणणं, “तोही कंत्राटदारच दाखवा, त्याचा एक टक्का भरून टाकू, पगाराची भानगड नको.” मी विचारलं, कात्री-मशीन कुणाचं? आपलं. सकाळी नऊला यायचं कुणी ठरवलं? आपण. सुट्टी कोण देतं? आपण. दुसऱ्या कारखान्याचं कटिंग करतो का? नाही. मग तो नोकर आहे, वहीत काहीही लिहिलं तरी. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांनाही दुकानाचे कामगार ठरवलं होतं. मशीन दुकानाची, काम पसंत नसेल तर परत करण्याचा अधिकार दुकानाचा, एवढं पुरे झालं. आपला मास्टर तर महिन्यावर होता.

त्याचे वर्षाचे २,६४,००० करमुक्त मर्यादेत होते, त्यामुळे पगारावरचा टीडीएस शून्य. भविष्य निर्वाह निधी वीस आणि कर्मचारी विमा दहा माणसांपासून लागतो, जागेवर सहाच होती. लागला तो महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५००. त्याची नोंदणी केली. तो हिशेब पुढच्या आकड्यांत धरलेला नाही.

घरी शिवणाऱ्या बायकांच्या मशीन त्यांच्या स्वतःच्या. दोन-तीन कारखान्यांचा माल घेतात, नको तेव्हा घेत नाहीत. त्यांना जॉबवर्कवालीच, म्हणजे कंत्राटदारच, धरलं.

आणि अक्का? तिला ९,२०,००० मिळाले असं कारखान्याची खतावणी म्हणते. तिची वही म्हणते की त्यातले आठ लाख चौदा बायकांना गेले. कारखान्याचा व्यवहार मात्र तिच्याशीच होता. माल तिच्या नावावर जायचा, बिघाड झाला तर कापून घ्यायचे ते तिच्याकडून. मागच्या वर्षापुरती तीच कंत्राटदार होती आणि कर तिच्या पूर्ण रकमेवर धरायला हवा होता. हे मला आवडलं नाही, पण मागचा व्यवहार मागे जाऊन बदलता येत नाही.

पॅनचा धक्का

सगळ्यांची पॅन मागवली आणि आयकराच्या संकेतस्थळावर एकेक तपासली. प्रेसवाल्याचं निष्क्रिय निघालं, आधारशी जोडलेलं नव्हतं. १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखंच, दर २० टक्के. त्याच्या १,१८,००० वर १,१८० च्या जागी २३,६०० रुपये.

मनाला लागलं ते पुढचं. २३ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने सरकारने सवलत दिली होती: ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी, पॅन ३१ मे २०२४ पर्यंत आधारशी जोडलं तर जादा दर नाही. भाऊ माझ्याकडे आले १९ जूनला. एकोणीस दिवसांनी २२,४२० रुपयांचा फरक पडला, आणि ते दिवस गेले गणवेशाच्या हंगामात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थोरल्यांनीच बोलून दाखवला: गप्प बसायचं, नोटीस आली तर बघू. त्यांना घाबरवायचं नव्हतं, म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं. न कापलेल्या करावर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज चालूच राहतं. टीडीएसची तिमाही पत्रकं न भरल्याबद्दल कलम २७१एच खाली १०,००० ते एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टॅन न काढल्याचे १०,००० वेगळे. शिवाय आज ना उद्या धंदा वाढून ठोक नफ्याची वाट बंद होणार. नियमित हिशेबात कर न कापलेल्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होतात. या वर्षीच्या २५,२२,००० वर तसं झालं असतं तर ७,५६,६०० उत्पन्नात मिळवले गेले असते आणि भागीदारी संस्थेच्या दराने सुमारे २ लाख ३६ हजारांचा कर बसला असता. ४४एडी मुळे यंदा ते टळलं, एवढंच.

दुसरा पर्याय धाकट्याचा: जुनं सोडा, एप्रिल २०२४ पासून नीट सुरू करू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण टॅन निघाला की या वर्षीच्या पत्रकात तीच माणसं, तेच आकडे दिसणार, आणि मागच्या वर्षी काय केलंत हा प्रश्न आपणच हातात दिल्यासारखं होणार.

तिसरा, फॉर्म २६ए. पैसे घेणाऱ्याने ती रक्कम विवरणपत्रात दाखवून कर भरला असेल तर सनदी लेखापालाच्या दाखल्यावर कापणारा मूळ कराच्या जबाबदारीतून सुटतो, उरतं फक्त व्याज. मोठ्या रकमांना ही वाट उत्तम. इथे विवरणपत्र भरणारे दोघेच, एम्ब्रॉयडरीवाला आणि फोटोवाला. त्यांच्या ६,४०० आणि ४,२०० साठी दाखल्याचा खर्च परवडत नव्हता.

चौथा, सगळं आत्ता आणि पूर्ण भरायचं. याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट होती तारीख. २०२३-२४ ची विवरणपत्रं भरायची मुदत ३१ जुलै २०२४. त्याआधी आपण कर भरून तिमाही पत्रकं दाखल केली, तर ती रक्कम प्रत्येकाच्या २६एएस मध्ये, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, उमटणार आणि त्याला ती कर म्हणून वळती करता येणार किंवा परत मागता येणार. ऑगस्ट उजाडला की हीच रक्कम वसूल करणं जवळपास अशक्य. दुसरं, दंडाचं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पत्रक मुदतीपासून एक वर्षाच्या आत, कर-व्याज-शुल्कासकट भरलं तर २७१एच चा दंड लागत नसे. पहिल्या तिमाहीची मूळ मुदत ३१ जुलै २०२३ धरली, तर ते वर्ष संपत आलं होतं. तिसरं, चौथ्या तिमाहीचं विलंब शुल्क दिवसाला २०० ने वाढत होतं. आधीच्या तीन तिमाहींत शुल्क कराच्या रकमेएवढं होऊन थांबलं होतं, कारण त्याहून जास्त ते घेता येत नाही.

दोघे दोन दिवस विचार करून आले. थोरले म्हणाले, “भरून टाकू. पण बायकांच्या पैशाला हात लावायचा नाही.”

अक्काशी बोलणं

इथे प्रकरण अडलं. २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली होती. महिना १,५००, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, घरात कुणी आयकर भरणारं नको. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात प्रत्येक सेतू केंद्रासमोर रांग होती. त्याच आठवड्यात अक्काच्या कानावर गेलं की कारखाना तिच्या नावावर टॅक्स भरणार.

ती माझ्या कार्यालयात आली ती वही छातीशी धरूनच. “साहेब, माझ्या नावावर नऊ लाख दाखवू नका. मला त्यातलं किती राहतंय ते या वहीत हाय. उद्या रेशनकार्ड गेलं, योजना गेली, तर ह्या चौदाजणी मला काय म्हणतील?”

तिची भीती खरी होती. मी वही उघडली आणि तिच्यासमोर बेरीज केली. तिच्याकडे उरले होते वर्षाला १,२०,०००. ते करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली. तिला सांगितलं ते असं: नऊ लाख तुमच्या नावावर दिसणारच, कारण ते तुमच्या खात्यातून गेले आहेत. पण ते तुमचं उत्पन्न नव्हे. तुमचं उत्पन्न किती ते सांगायची जागा म्हणजे विवरणपत्र. ते भरलं नाही तर सरकारकडे नुसते नऊ लाखच राहतील. भरलं तर एक लाख वीस हजार दिसतील, कर शून्य लागेल आणि कापलेले ९,२०० परत येतील. कर कापला जाणं आणि करदाता होणं यांत फरक आहे. योजनेच्या कार्यालयात कुणी काय अर्थ लावेल याची हमी मी देऊ शकत नाही, पण खोटं काही लिहावं लागणार नाही एवढं नक्की.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वही इथंच ठेवू का?” मी झेरॉक्स काढून घेतली आणि वही परत दिली.

काय केलं

टॅनचा अर्ज त्याआधीच, जूनमध्येच, ऑनलाइन केला होता, तो आठवड्याभरात आला. जुलैत चलन २८१ ने कर, व्याज आणि विलंब शुल्क भरलं आणि १५ जुलैला चारही तिमाहींची टीडीएसची २६क्यू पत्रकं दाखल केली.

आकडे असे. चार तिमाहींचा कर ५,९००, ६,७००, ८,१२० आणि ३०,७००, एकूण ५१,४२०. प्रेसवाल्याची बेरीज चौथ्या तिमाहीत लाखावर गेली, म्हणून त्याचे २३,६०० तिथे. व्याज ४,२८०. पहिल्या तीन तिमाहींचं विलंब शुल्क कराइतकंच, चौथीचं ४५ दिवसांचं ९,०००, मिळून २९,७२०. एकंदर ८५,४२० रुपये.

टेम्पोवाल्याच्या १,८५० बद्दल दोन शब्द. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असलेल्या वाहतूकदाराने तसं लेखी निवेदन आणि पॅन दिलं तर त्याचा कर कापायचा नसतो, फक्त पत्रकात दाखवायचा असतो. याच्याकडे दोनच टेम्पो. पण पैसे देताना निवेदन घेतलं नव्हतं, मागची तारीख टाकून घ्यायला मी तयार नव्हतो. म्हणून भरले.

पुढच्या वर्षासाठी शिलाईची व्यवस्थाच बदलली. आता कारखाना प्रत्येक बाईच्या खात्यात थेट पैसे पाठवतो. माल नेताना तिच्याच नावाची नोंद, आणताना तिचीच सही. अक्काला माल तपासायची, धागे कापायची आणि नोंद ठेवायची नगावर मजुरी मिळते. हे कर वाचवायला केलेलं तुकडे पाडणं नव्हे, वहीत पहिल्यापासून असंच होतं. खतावणी वहीप्रमाणे केली.

निष्पत्ती

एम्ब्रॉयडरीवाल्याने ६,४०० जुलैच्या बिलातून वळते करू दिले, त्याला ते त्याच्या करात मिळाले. टेम्पोवाल्यानेही दिले. फोटोवाला चिडला, कारण त्याने विवरणपत्र १० जुलैलाच भरून टाकलं होतं. त्याला सुधारित विवरणपत्र भरून दिलं तेव्हा त्याने ४,२०० दिले. काज-बटणवाल्याचे १,४२० थोरल्यांनी सोडून दिले.

अक्काचं विवरणपत्र २७ जुलैला भरलं. सप्टेंबरमध्ये ९,२०० तिच्या खात्यात आले आणि तिने ते दोन हप्त्यांत कारखान्याला परत केले. केशरी रेशनकार्डावर योजनेचा तिचा अर्जही मंजूर झाला.

प्रेसवाल्याने हजार रुपये शुल्क भरून पॅन-आधार जोडलं, ऑगस्टमध्ये विवरणपत्र भरलं, नोव्हेंबरमध्ये २३,६०० परत आले. हजार रुपये त्याचे त्याने ठेवून घ्यायचे असं आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. त्याने २२,६०० आणून दिले.

म्हणजे ४४,२५० परत आले आणि कारखान्याला ४१,१७० रुपयांची झळ बसली. त्यातले ३४,००० निव्वळ व्याज आणि विलंब शुल्क. वेळेवर कापलं असतं तर हा खर्च शून्य होता. दंडाची नोटीस आली नाही. बँकेची मर्यादा सप्टेंबरमध्ये वाढली.

वेगळं काय करता आलं असतं

करारनामा करून देणाऱ्याने त्याच दिवशी टॅनचा अर्ज करायला लावला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. माझ्याकडे आता भागीदारी संस्थेची जी फाईल उघडते तिच्या पहिल्या पानावर टॅनचा क्रमांक असतो. आणि पहिला पैसा देण्याआधी पॅन तपासायचं, ते चालू आहे का हेही. कारखान्यात धाकटा आता हे दर महिन्याच्या पाच तारखेला करतो, सातला चलन भरायचं असतं म्हणून. त्याच्या तक्त्यात प्रत्येक बाईची चालू वर्षाची बेरीज असते. २०२४-२५ मध्ये दोघींनी लाख ओलांडलं, त्यांना आधी बोलावून समजावलं आणि मग कापलं.

ज्यांची मागची पत्रकं राहिली आहेत त्यांना आता एवढी सवड नाही. १ एप्रिल २०२५ पासून २७१एच मधली एक वर्षाची सूट एका महिन्यावर आली आहे. १९४जे ची मर्यादा ५०,००० झाली, तेवढा दिलासा. पण त्याच दिवसापासून कलम १९४टी लागू झालं: भागीदारांना दिलेला पगार, व्याज वर्षात २०,००० च्या वर गेलं की त्यावरही संस्थेने १० टक्के कापायचे. या दोघा भावांना स्वतःचाच कर स्वतः कापावा लागतो, हे पटवायला मला एक अख्खी दुपार लागली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही सुटी कलमं कलम ३९३ मध्ये एकत्र येतात. जबाबदारी तीच.

एक चूक माझी. अक्काशी मी समोरासमोर बोललो, पण दुसऱ्या म्होरकीला स्वतः भेटलो नाही. कारखान्यातून निरोप पाठवला की तुमचे ४,७५० भरले आहेत, विवरणपत्र भरायला या. निरोप पोचेपर्यंत त्याचं ‘तुमच्यावर टॅक्स लागला’ असं झालं होतं. ती आली नाही. तिने काम सोडलं आणि जिथे कर कापत नाहीत अशा कारखान्यात गेली, तिच्या बायकाही तिच्याबरोबर गेल्या. उशिराचं विवरणपत्र भरायची, ३१ डिसेंबर २०२४ वरून १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवलेली मुदतही निघून गेली. ते ४,७५० रुपये अजून तिच्या नावावर सरकारकडे पडून आहेत. विलंब माफीचा अर्ज करून ते मिळवता येतात. अर्ज मी लिहून ठेवला आहे, फक्त तिची सही घ्यायची राहिली आहे.